सूर्यावरचे डाग आणि आपल्या अंगणातला उन्हाळा: घरच्या घरी पडताळा कसा घ्यायचा

१० मे २०२४च्या रात्री लडाखमधल्या हान्लेच्या आकाशात तांबूस उजेड उतरला. सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या अवाढव्य डागसमूहातून एकामागून एक स्फोट होत होते, आणि त्यांतून सुटलेली सौरवादळं पृथ्वीवर येऊन आदळली होती. त्यानंतर वीसेक दिवसांनी आमच्या नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवलं. या दोन बातम्यांची गाठ आमच्या गल्लीत पडली. कूलरच्या टाकीत पाइप सोडून उभे असलेले शेजारचे काका म्हणाले, "सूर्यच पेटलाय यंदा. डाग केवढे पडलेत बघितलंस ना? मग छप्पन नाही तर काय होणार!"

ते ५६ अंश सेन्सरच्या बिघाडाचे होते, हवामान खात्याने तसा खुलासाही केला. पण काकांची शंका काही वेडगळ नव्हती. ऊन सूर्याचं, डाग सूर्याचे, मग डाग वाढले की ऊन वाढणार असं कुणालाही वाटेल. भल्याभल्या शास्त्रज्ञांनाही दोनशे वर्षं असंच वाटत आलं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांत वाढतात आणि पुन्हा ओसरतात, हे चक्र खरं आहे, त्याचा पृथ्वीच्या तापमानावर किंचित परिणामही होतो, पण तो तुमच्या गावच्या उन्हाळ्यात दिसण्याएवढा नाही. मात्र हे माझ्या शब्दावर मानू नका. एक हातआरसा, एक कमाल-किमान तापमापक, एक वही आणि कोष्टकं करता येतील असा संगणक, एवढ्या सामानात तुम्ही स्वतः पडताळा घेऊ शकता. तो कसा घ्यायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात कागदावर

छतावर जाण्याआधी दहा मिनिटं आकडेमोड करा, म्हणजे आपण किती बारीक गोष्ट शोधतोय याचा अंदाज येईल.

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर फळीवर सरासरी १३६१ वॅट ऊर्जा पडते. डाग अगदी कमी असतानाची वर्षं आणि भरपूर असतानाची वर्षं, यांत या आकड्यात साधारण एका वॅटचा फरक पडतो. म्हणजे हजारात एक. गंमत अशी की डाग काळे आणि भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा दीडेक हजार अंशांनी थंड असले, तरी डाग जास्त असतात तेव्हा सूर्य एकूणात थोडा अधिकच उजळ असतो. डागांच्या आसपास तेजस्वी पट्टेही उमटतात, आणि डागांनी केलेली घट ते भरून काढून वर थोडी भर घालतात. काकांच्या म्हणण्याची दिशा बरोबर होती. चुकलं ते माप.

आता हा एक वॅट पृथ्वीच्या गोलावर पसरवा, परत फेकला जाणारा उजेड वजा करा. सगळ्या पृथ्वीच्या सरासरी तापमानात यातून ०.१ अंशाच्या आसपास चढउतार होतो.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब. या दोन टोकांमध्ये मिळणाऱ्या ऊर्जेत जवळजवळ ७ टक्के, म्हणजे ९० वॅटच्या वर फरक असतो. डागांच्या चक्राच्या नव्वद पट. आणि तरी आपल्याकडे थंडी जानेवारीत असते नि मे महिन्यात अंगाची लाही होते. (दर जुलैत व्हॉट्सअॅपवर फिरणारा "अल्फेलियन"चा निरोप आठवा, पृथ्वी लांब गेल्यामुळे थंडी-खोकला वाढणार म्हणणारा. तो याच आकड्यावर आपटतो.) उन्हाळा ठरतो सूर्य डोक्यावर किती येतो आणि दिवस किती मोठा असतो यावरून. नागपुरात २६ मेच्या आसपास भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. विदर्भात ज्याला नवतपा म्हणतात तो रोहिणी नक्षत्रापासून, म्हणजे २५ मेच्या सुमारास सुरू होतो. जुन्या लोकांनी सूर्य डोक्यावर येण्याचे दिवस अचूक हेरले होते, त्यासाठी त्यांना डाग मोजावे लागले नाहीत.

डाग बघायचे कसे

सर्वांत आधी डोळे. सूर्याकडे थेट बघायचं नाही, दुर्बिणीतून तर क्षणभरही नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल, सीडी यांतलं काहीही चालत नाही, उजेड कमी झालासा वाटला तरी डोळा भाजणारे किरण आत जातातच. ग्रहणासाठीचे आयएसओ १२३१२-२ प्रमाणित चष्मे चालतात, १४ नंबरची वेल्डिंगची काच चालते. आणि हे चष्मे लावून दुर्बिणीतून बघणं हा तर आंधळं होण्याचा हमखास मार्ग आहे.

माझ्या आवडीची पद्धत आरशाची. साध्या हातआरशावर काळा कागद चिकटवा आणि त्या कागदाला फाइलच्या पंचने एकच भोक पाडा. ते भोक पाच-सहा मिलिमीटरचं असतं, आपल्याला हवं तेवढंच. आरसा तांदळाने भरलेल्या वाडग्यात खोचा, म्हणजे हवा तसा कलवता येतो आणि हलत नाही. वाडगा अंगणात उन्हात ठेवून कवडसा समोरच्या दारातून आतल्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पाडा. भिंतीवर पांढरा कागद लावलेला असू द्या. कवडशाचा व्यास म्हणजे अंतर भागिले १०७. वीस मीटर अंतर मिळालं तर सूर्याची सुमारे १९ सेंटिमीटरची प्रतिमा मिळते, आणि अख्खं कुटुंब ती एकाच वेळी, डोळ्यांना काही न होता बघू शकतं.

मर्यादा लक्षात ठेवा. भोक सहा मिलिमीटरचं म्हणजे प्रतिमेतला धूसरपणाही साधारण तेवढाच. या प्रतिमेवर पृथ्वी जेमतेम पावणेदोन मिलिमीटरची असेल, त्यामुळे पृथ्वीएवढे डाग विरून जातात आणि मोठे समूहच तेवढे करडे ठिपके म्हणून दिसतात. तो १३६६४ क्रमांकाचा समूह पृथ्वीच्या पंधरापट रुंद होता, म्हणजे या कागदावर अडीच सेंटिमीटरहून मोठा.

बारीक डाग मोजायचे तर साधी द्विनेत्री दुर्बीण घ्या. तिची एक बाजू टोपण लावून बंद करा. दुसऱ्या बाजूच्या पुढच्या भिंगावर तीनेक सेंटिमीटरचं भोक पाडलेला पुठ्ठा बसवा, नाहीतर आतली भिंगं तापून खराब होतात. दुर्बीण तिपाईला बांधा. सूर्याचा नेम धरताना दुर्बिणीतून बघायचं नाही, जमिनीवरची तिची सावली सर्वांत लहान झाली की नेम बसला. डोळा लावतो त्या टोकामागे मीटरभर अंतरावर पांढरा कागद धरा. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण असेल तर प्रतिमा नऊ सेंटिमीटरच्या आसपास येते. एकेक मिनिट पाहा, मग दुर्बीण झाका, आणि शेजारी लहान मूल असेल तर एक माणूस फक्त त्याच्यावर लक्ष ठेवायला बसवा.

वेळ सकाळची बरी, आठ-नऊची. दहानंतर तापलेल्या छपरांवरून हवा उकळल्यासारखी हलते आणि सूर्याची कड थरथरते.

दिसलेला ठिपका डाग आहे की भिंगावरची धूळ, ही शंका पहिल्या दिवशी येतेच. दुर्बीण किंचित हलवा. ठिपका सूर्याच्या प्रतिमेबरोबर सरकला तर तो सूर्याचा, जागच्या जागी राहिला तर तुमच्या भिंगाचा. दुसरी खूण दोन दिवसांनी पटते: पृथ्वीवरून पाहता सूर्य सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे खरा डाग रोज थोडा पुढे गेलेला दिसतो आणि तेरा-चौदा दिवसांत या कडेकडून त्या कडेला जाऊन नाहीसा होतो.

मोजणी

वहीत वाटीने गोल काढून ठेवा आणि रोज त्यात डाग टिपा. मग समूह मोजा आणि सुटे डाग मोजा. समूहांच्या संख्येला दहाने गुणून त्यात सगळे डाग मिळवायचे: चार समूह आणि त्यांत मिळून तेरा डाग असतील तर आजचा आकडा ५३. एकुलता एक डाग असला तरी तो एक समूह आणि एक डाग, म्हणून आकडा ११ येतो. शून्यानंतर थेट अकरा का, हा प्रश्न मग पडत नाही. ही रीत रुडॉल्फ वुल्फ या स्विस खगोलशास्त्रज्ञाने १८४८ साली घालून दिली आणि आजही तीच चालते. तिच्याही आधी, डेसाऊ या जर्मन गावातला हाइन्रिश श्वाबे हा औषधविक्रेता बुधाच्या आत एखादा ग्रह सापडतो का म्हणून १८२६ पासून रोज सूर्य बघत बसला होता. ग्रह नव्हताच. पण सतरा वर्षांच्या नोंदींतून १८४३ साली त्याला डागांचं चक्र मिळालं.

तुमचा आकडा अधिकृत आकड्यापेक्षा कमी येणार, कारण तुमचं साधन लहान. ब्रसेल्सच्या बेल्जियन राजवेधशाळेतलं केंद्र रोजचा आकडा जाहीर करतं, १८१८ पासूनचे रोजचे आकडे तिथे फुकट उतरवून घेता येतात. महिन्याअखेरी त्यांची सरासरी भागिले तुमची सरासरी करा. जो गुणक येईल तो तुमच्या दुर्बिणीचा, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तापमापक: खरी चूक इथेच होते

मी पहिल्या वर्षी तापमापक गच्चीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला खिळा ठोकून लावला होता. रोज दुपारी तो बातम्यांतल्या आकड्यापेक्षा चार-पाच अंश जास्त दाखवायचा, आणि मी ऐटीत सांगत फिरायचो की आमच्या भागात ऊन जास्त आहे. आमच्या भागात भिंत जास्त होती. दिवसभर भाजलेली वीट त्या तापमापकाला शेकत होती.

हवेचं तापमान मोजायचं म्हणजे तापमापकाला ऊन लागू द्यायचं नाही, तापलेल्या वस्तूंची धग लागू द्यायची नाही, पण वारा मात्र मोकळा खेळू द्यायचा. हवामान खात्याच्या केंद्रात यासाठी पायांवर उभी, पांढऱ्या रंगाची, झरोक्याच्या पट्ट्यांची लाकडी पेटी असते. ती स्टीव्हन्सन पेटी. आतला तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, आणि दार उत्तरेला, म्हणजे वाचताना ऊन आत शिरत नाही.

घरी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सात-आठ खोलगट थाळ्या आणा. वरच्या दोन अखंड ठेवा, बाकीच्यांना मधोमध हात जाईल एवढं गोल भोक कापा. सगळ्या पालथ्या, एकीखाली एक, दोन बोटं अंतर सोडून तीन लांब बोल्टांवर ओवा आणि पोकळीत तापमापक टांगा. हा मनोरा मोकळ्या अंगणात, माती किंवा गवतावर, छातीच्या उंचीला बसवा. गच्चीच्या स्लॅबवर नको, डांबरी रस्त्याच्या कडेला नको. आणि कूलरच्या झोतापासून, एसीच्या बाहेरच्या डब्यापासून लांब. अंगणच नसेल तर गच्चीवरच ठेवा, पण वहीत तसं लिहा, आणि आपला आकडा गावचा आकडा म्हणून कुणाला सांगू नका.

तापमापक खरा आहे का, हे बर्फाने तपासा. थर्मासमध्ये चुरलेला बर्फ भरा, त्यात थोडं थंड पाणी, ढवळा, दहा मिनिटं थांबा. बुडवता येणारा तापमापक शून्य दाखवायला हवा. ०.८ दाखवला तर तेवढं रोज वजा करा. (४५ अंशांवरची चूक वेगळी असू शकते, पण काही न तपासण्यापेक्षा हे बरं.) दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने २९ मे २०२४ला ५२.९ अंश दाखवले, देशभर मथळे झाले, आणि तपासणीअंती सेन्सर ३ अंशांनी चढा असल्याचं हवामान खात्याने सांगितलं. तीन अंश. आपण शोधतोय ते ०.१.

नोंद सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचला करा, खात्याच्याही याच वेळा आहेत. सकाळी किमान वाचायचं, संध्याकाळी कमाल. दिवसातून एकदाच जमत असेल तर सकाळी वाचा, पण त्या वेळी दिसणारं कमाल तापमान कालच्या दुपारचं असतं, ते कालच्याच तारखेला लिहा. ही चूक मी अनेकांच्या वह्यांत पाहिली आहे, आणि एकदा शिरली की सगळा उन्हाळा एक दिवस पुढे सरकतो.

आकड्यांशेजारी एक ओळ मोकळी ठेवा: ढग कुठल्या वेळी आले, वारा कुठून होता, वळीव पडला का, रात्री उकडलं का. ही ओळ पुढे सगळ्यांत जास्त कामी येते.

जुनी आकडेवारी, आणि ती जुळवताना लागणाऱ्या ठेचा

तुमची वही दोन-तीन वर्षांची होईल, चक्र अकरा वर्षांचं आहे. तेव्हा जुने आकडे लागणारच. पुण्याच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर १९५१ पासूनचं रोजचं कमाल-किमान तापमान एकेक अंशाच्या चौकटींत मिळतं. तुमच्या गावाची चौकट निवडा आणि दरवर्षीची एप्रिल-मेच्या कमाल तापमानाची सरासरी काढा. दुसऱ्या रकान्यात त्या वर्षाचा सरासरी डागांक, म्हणजे समूह आणि डाग मोजून काढलेला तो आकडा.

इथे बहुतेक जण दोन रेषा एकावर एक काढतात, कुठेतरी दोन्ही बरोबर चढताना दिसतात, आणि हर्षवायू होतो. तसं करू नका. त्याऐवजी हे करा.

डागांची शिखरं लिहा: १९५७-५८, १९६८, १९७९, १९८९, २०००-०१, २०१४, २०२४. मग तळ लिहा: १९५४, १९६४, १९७६, १९८६, १९९६, २००८, २०१९. प्रत्येकाच्या आगेमागे एक धरून तीन वर्षांची सरासरी काढा. आता शिखराची तुलना त्याच्या दोन्ही बाजूंच्या तळांच्या सरासरीशी करा. उदाहरणार्थ १९८९ची तुलना १९८६ आणि १९९६ यांच्या सरासरीशी. दोन्ही बाजूंचे तळ घेण्याला कारण आहे. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात ०.७ अंशाच्या आसपास वाढलंय. नुसता पुढचा तळ घेतला तर तो उशिराचा म्हणूनच गरम निघेल आणि दोष डागांच्या अभावाला लागेल. दोन्ही बाजू घेतल्या की ही चढण बऱ्यापैकी वजा होते.

२०२४च्या पुढचा तळ अजून यायचाय. म्हणजे तुमच्या हाती सत्तर वर्षांतून किती तुलना आल्या? सहा. रोजचे पंचवीस हजार आकडे गोळा करून शेवटी सहा.

सहा वेळा नाणं उडवलं आणि सहाही वेळा एकच बाजू पडली असं बत्तीसात एकदा घडतं. पण तुम्ही एप्रिल तपासला, मे तपासला, कमाल, किमान, वळवाचे दिवस, लाटेचे दिवस अशा दहा वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या, तर त्यांतली एखादी निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता चारात एक होते. मग माणूस ती एकच सांगतो आणि बाकीच्या नऊ विसरतो. म्हणून काय तपासणार ते वहीत आधी लिहा, तारीख घाला, नंतर आकडे उघडा.

आता खरा हिशेब. एखाद्या गावच्या मे महिन्याची सरासरी वर्षागणिक एक अंशाने सहज वरखाली होते असं धरू. तीन वर्षांच्या सरासरीत ही अनिश्चितता ०.६पर्यंत उतरते, शिखर आणि दोन तळांच्या फरकात ती पुन्हा ०.७ होते. या गोंधळातून ०.१ अंशाचा परिणाम खात्रीने वेगळा काढायचा, तर ढोबळमानाने दोनशे चक्रं लागतील. दोनशे चक्रं म्हणजे बावीसशे वर्षं. तुमच्या गावाची नोंद सातवाहनांनी सुरू केली असती तर आज कुठे उत्तर आलं असतं, तेही बर्फात तपासलेला तापमापक वापरून.

ज्यांना कोष्टकं जमतात त्यांनी आणखी एक खेळ करावा. आधी तापमानाच्या रकान्यातून हळूहळू वर जाणारी रेषा वजा करा, मग डागांच्या रकान्याशी "कोरेल" सूत्राने सहसंबंध काढा आणि आकडा टिपून ठेवा. नंतर डागांचा रकाना एक वर्ष खाली सरकवा, तळातला आकडा वर आणून लावा, पुन्हा काढा. असं सत्तर वेळा. सरकवलेल्या, म्हणजे मुद्दाम खोट्या केलेल्या जोड्यांतही तुमच्या खऱ्या आकड्याच्या तोडीचे आकडे वारंवार आले, तर तुमच्या हाती काही लागलेलं नाही.

या वाटेने बरेच जण गेले आहेत. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १८०१ साली डाग आणि गव्हाचे भाव जोडले होते. १८७६-७८च्या भीषण दुष्काळात दक्षिण हिंदुस्थान होरपळला तेव्हा सरकारी आकडेवारीचे प्रमुख विल्यम हंटर आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी डाग कमी असण्याची वर्षं मद्रासच्या अवर्षणाशी जुळवली. सूर्य समजला तर दुष्काळ आधी कळेल, ही आशा कोडाईकनालची सौरवेधशाळा उभी राहण्यामागे होती. तिथे १९०१ पासून निरीक्षणं सुरू झाली आणि शंभराहून अधिक वर्षांची सूर्याची छायाचित्रं आज तिथे आहेत. पुढे १९०४ ते १९२४ हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी डागांचा पाऊस, तापमान आणि हवेचा दाब यांच्याशी रीतसर ताळा घेतला. हाती दुबळे संबंध लागले. पण तीच चाळणी जगभरच्या हवेच्या दाबांना लावताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांमधला दाबाचा झोका सापडला, ज्याची दुसरी बाजू आज आपण एल निनो म्हणून ओळखतो. १९२८ साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. त्या चौकात सिग्नलला थांबलात तर ही गोष्ट आठवा.

ज्याला इतकं कोष्टक नको त्याने राजस्थानातलं चुरू बघावं. जून २०१९च्या सुरुवातीला तिथे पारा ५०च्या वर गेला, तेव्हा सूर्य जवळजवळ निष्कलंक होता, चक्राचा तळ त्याच डिसेंबरात आला. मे २०२४च्या अखेरीस तिथेच पारा पुन्हा ५०च्या वर गेला, तेव्हा चक्र शिखरावर होतं. आणि फलोदीचा ५१ अंशांचा देशातला उच्चांक १९ मे २०१६चा, चक्र उतरणीला लागलेलं असतानाचा.

मग वहीत कशावर लक्ष ठेवायचं

त्या मोकळ्या ओळीवर. आठवडाभर वायव्येकडून कोरडा वारा आला की नागपूर, अकोला, चंद्रपूर भट्टीसारखे तापतात. वारा आग्नेयेकडून वळला की उपसागराची दमट हवा येते, कमाल दोन अंश उतरतं पण घाम वाळत नाही आणि कूलर निकामी होतो. दुपारी चारला वळवाचा ढग चढला तर अर्ध्या तासात आठ-दहा अंशांची घसरण तुमच्या थाळ्यांच्या मनोऱ्यात स्पष्ट दिसेल. कोकणात समुद्रावरचं वारं अकराला सुटलं की दीडला, यावर दुपार ठरते. मार्चमध्ये अवकाळी झाला असेल तर ओल्या मातीत बरीचशी उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. एल निनोच्या हिवाळ्यामागून आलेले १९९८, २०१०, २०१६, २०२४चे उन्हाळे आठवून पाहा, ती वर्षं डागांच्या चक्रात वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

उष्णतेची लाट म्हणावी का, हे ठरवताना खात्याचे निकष लावा. मैदानी भागात कमाल ४० किंवा अधिक, किनाऱ्यावर ३७, डोंगराळ भागात ३०, आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेलं तर लाट, ६.४च्या वर गेलं तर तीव्र लाट. मैदानात नुसते ४५ झाले तरी लाट, ४७ला तीव्र. सरासरी म्हणजे सध्या १९९१ ते २०२० या वर्षांची.

डागांची वही मात्र बंद करू नका. तिचा उपयोग उन्हाळ्यासाठी नाही, रेडिओसाठी आहे. डाग भरात असतात तेव्हा हॅम मंडळींना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, दहा मीटरच्या पट्ट्यावर थोड्याशा वॅटांत दूरदेश लागतात, तळाच्या वर्षांत तोच पट्टा दिवसेंदिवस मुका असतो. मोठं वादळ आलं तर जीपीएस चुकतो, आणि १३ मार्च १९८९ला तर कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास गेली होती. हे वादळ येताना बघायला आता आपलं आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसलंय, त्यावरची सूर्याचे अतिनील फोटो काढणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत घडली.

काकांना मी गेल्या मे महिन्यात घरी बोलावलं. सकाळी साडेआठला वाडग्यातला आरसा लावला, दिवाणखान्याचे पडदे ओढले, भिंतीवर सूर्य उतरला. डावीकडे वर एक करडा ठिपका होता. काका चष्मा पुसून जवळ गेले, बोट लावून बघितलं, आणि सावली पडून ठिपका गेला म्हणून मागे सरकले.

"पृथ्वी केवढी असेल यावर?"

मी पेन्सिलीने त्या ठिपक्याशेजारी पावणेदोन मिलिमीटरचा टिंब काढला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि आज कमाल किती जाईल?"

"वारा बघून सांगतो," म्हटलं, आणि आम्ही दोघं अंगणात आलो.